टेनिसच्या कोर्टावर मंडप

मुलींच्या शाळेत खेळ शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. त्या नोकरीत मी सगळ्यात जास्त काय केलं असेल, तर भांडले. मोठ्या बाईंशी भांडले, पालकांशी भांडले, मैदानात गुरं सोडणाऱ्यांशी भांडले, आणि एकदा तर आमच्या नगरच्या क्लबाच्या अख्ख्या सत्कार समितीशी भांडले. संपादकांनी दिवाळी अंकासाठी 'नोकरीतल्या गोड आठवणी' मागितल्या आहेत. गोड आठवणी मराठीच्या बाईंकडे मागा म्हणावं. माझ्याकडे ही आहे, ती सांगते. इतकी वर्षं झाली तरी आठवली की डोकं तापतं, आणि ते तापायलाच हवं असं माझं मत आहे.

आधी माझ्या कामाविषयी. खेळाची बाई म्हणजे गळ्यात शिट्टी अडकवून सावलीत उभी राहणारी बाई, असा लोकांचा समज असतो. गावात मला 'शिट्टीबाई' म्हणत. भाजीवालीसुद्धा म्हणायची. माझं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं शाळेला आठवत असे. आणि खेळाचा तास म्हणजे शाळेतला सगळ्यात अनाथ तास. भूमितीचा धडा राहिला? घ्या खेळाचा तास. साहेब तपासणीला येणार, वर्ग सजवायचेत? घ्या खेळाचा तास. कुणी तो मागून घेत नसे, नुसता उचलून नेत असे. मग उरलेल्या तासाला अर्ध्या मुली कडेला बसून राहायच्या. 'बाई, पोटात दुखतंय.' काहींचं खरंच दुखायचं. बाकीच्यांना आईनं घरूनच बजावून पाठवलेलं असायचं, की उन्हात पळू नकोस, काळी पडशील.

एकदा बाजारपेठेतले एक कापडवाले माझ्याकडे तावातावानं आले. "बाई, आमच्या मुलीला तुम्ही मैदानात पळवता म्हणे."

"पळवते."

"उद्या तिला करून कोण घेईल?"

"तिला जो गाठेल तो," मी म्हणाले.

झालं. मोठ्या बाईंकडे तक्रार. मला समज मिळाली, मुलीला खेळाच्या तासाला शिवणकाम मिळालं. ती मुलगी शंभर यार्डात जिल्ह्यात कुणाला ऐकली नसती. जाऊ दे.

तर टेनिस. आमच्या शाळेत टेनिसचं कोर्ट असण्याचा प्रश्नच नव्हता. कोर्ट होतं ते क्लबात, आणि तिकडे लष्कराच्या हद्दीत साहेब लोकांसाठी. पण क्लबाचं कोर्ट राखणारे दगडूमामा मला ओळखत. लव झिजून गुळगुळीत झालेले, टाकून द्यायचे चेंडू ते पिशवीतून आणून देत. सुताराकडून मी फळ्या कापून घेतल्या, धरायला मूठ ठेवून. खो-खोच्या दोन खांबांना बाजेचं सुंभ बांधलं, की झाली जाळी. खेळ अगदी सोपा आहे. जाळीच्या अलीकडे एक, पलीकडे एक. आलेला चेंडू दुसरा टप्पा पडायच्या आत परत तिकडे धाडायचा, पांढऱ्या रेषेच्या आत. बस. मोजणी मात्र ज्यानं काढली तो माणूस तिरसट असला पाहिजे. पहिल्याला पंधरा, दुसऱ्याला तीस आणि तिसऱ्याला चाळीस. मुली विचारत, "बाई, पंचेचाळीस का नाही?" मी म्हणे, "तुला काय करायचंय? मार!" मला आजतागायत माहीत नाही.

हे सगळं वेड आलं कुठून, तर कुंदाताईंमुळे. कुंदा राजवाडे. आमच्या नगरची मुलगी. लहानपणीच वडील वारले आणि आईबरोबर ती पुण्याला मामाकडे गेली. तिथून पुढे साऱ्या देशात टेनिसमध्ये पहिली आली, तीही एकदा नव्हे, वर्षानुवर्षं. कलकत्ता, मद्रास, दिल्ली, जिथे जाईल तिथे जिंकून यायची. मी रोज सकाळी रेडिओला कान लावून बसे. बातम्यांच्या शेवटी, हवामानाच्या आधी, खेळाचं एखादं वाक्य येई. ते आलं की शाळेच्या पडवीतल्या फळ्यावर रंगीत खडूनं लिहायचं: 'कुंदाताई उपांत्य फेरीत!' प्रार्थनेआधी त्या फळ्यापुढे मुलींची झुंबड उडे. हरल्या तर तो दिवस वर्गात सुतकासारखा जाई.

आणि गंमत बघा, गंमत कसली, संताप बघा, की आमच्यापैकी एकीनंही तिला खेळताना पाहिलेलं नव्हतं. टीव्ही मुंबईत नुकता आला होता, आमच्याकडे कुठला? एकदा थेटरात सिनेमाच्या आधीच्या बातमीपटात ती दाखवणार असं कळलं. मी वर्गच्या वर्ग घेऊन गेले. काय दाखवलं? कप घेताना दाखवली! कप देणारे गृहस्थ दिसले, त्यांची टोपी दिसली, टाळ्या वाजवणारे लोक दिसले. एक चेंडू मारलेला दाखवतील तर शपथ. वर्तमानपत्रातले फोटो तेवढे आम्ही कापून ठेवायचो. एका फोटोत तिची रॅकेट उजव्या हातात होती, दुसऱ्यात डाव्या. छापखान्यानं कुठला तरी ठसा उलटा लावला असणार. पण त्यावरून मुलींत उजवी आणि डावी असे दोन पक्ष पडले, अबोले झाले, डबे वेगळे झाले. आम्ही असले भक्त, की दैवत कुठल्या हातानं मारतं हेही ठाऊक नाही.

या भक्तांत एक गयाबाई होती. राहात्याकडची, पेरूची बाग असलेली शेतकरी बाई. तिची यमुना आमच्या बोर्डिंगात राहून शिकत होती. गयाबाई पहिल्यांदा भेटायला आली तेव्हा यमुना फळीनं चेंडू मारत होती. गयाबाईनं डोक्यावरची पेरूंची पाटी खाली ठेवली आणि मला विचारलं, "बाई, ह्ये धोपाटनं घेऊन कुनाला बडवायचं शिकिवताय?"

मी तिला खेळ सांगितला, कुंदाताईंचा फोटो दाखवला. तिनं तो बराच वेळ निरखला. "ही आपल्या नगरची? एकलीच जाती परमुलकात? आन् हानती?"

"हाणते."

"मंग लई ब्येस."

तेव्हापासून ती दर खेपेला पेरू ठेवायच्या आधी विचारायची, "आपली पोरगी जितली का?" हरली म्हटलं तर म्हणायची, "मंग जेवली तरी आसंल का न्हाई?" मी फळा लिहीत होते, मुली भांडत होत्या; पण ती जेवली असेल का, हा प्रश्न फक्त गयाबाईला पडला.

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या हिवाळ्यात बातमी आली. कुंदाताई खेळातून निवृत्त. त्या दिवशी फळा कोराच राहिला. मुली रडल्या. यमुना म्हणाली, "बाई, आता आपल्याला त्या कधीच दिसनार न्हाईत व्हय?"

आणि आठवड्याभरात क्लबाचे सेक्रेटरीसाहेब स्वतः शाळेत आले. वकील होते. कोट, करवती काठाचं धोतर, आणि बोलणं असं की समोर माणूस एक असला तरी सभा भरल्यासारखी वाटावी. क्लबानं कुंदाताईंचा जाहीर सत्कार ठरवला होता. ताईंनी उलट कळवलं होतं, की भाषणं नकोत, पण शेवटचा एक सेट मी तुमच्या कोर्टावर खेळते. नगरच्या बायकामुलींना बघायला बोलवा. माझ्यासमोर खेळायला पुण्याची एक मुलगी मी बरोबर आणते. सेट म्हणजे एक डाव, अर्धा-पाऊण तासाचा.

"तेव्हा बाई, मुली आणा. गर्दी दिसली पाहिजे," सेक्रेटरी म्हणाले.

"गर्दी दिसेल. खेळ नक्की होणार ना?"

"अहो, नक्की म्हणजे काय! त्यांचीच अट आहे."

मी फळ्यावर भलीमोठी अक्षरं काढली. राहात्याच्या गाडीच्या कंडक्टरबरोबर गयाबाईला निरोप धाडला. माझ्या नोकरीत मी एवढी खूश कधी झाले नसेन. दगडूमामा तर आठवडाभर कोर्टावरून हलले नाहीत. दुष्काळात वर्षभर पाणी न मिळाल्यानं त्या कोर्टाला भेगा पडल्या होत्या. टेनिसचं मातीचं कोर्ट म्हणजे अंगण नव्हे. खाली मुरूम, वर चाळलेली माती, मग पाणी शिंपडायचं, ते मुरू द्यायचं, मग दगडी रोलर ओढायचा, पुन्हा पाणी, पुन्हा रोलर. एवढं करून ते असं सपाट होतं की चेंडू जिथे पडेल तिथून सरळ उठावा. एक खड्डा जरी असला तर चेंडू वाट्टेल तिकडे उडतो आणि खेळ संपतो.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी यमुनेला आणि चार मुलींना घेऊन फक्कीच्या रेषा मारायला क्लबात गेले. फाटकातूनच पहारीचे आवाज ऐकू आले. आत बघते तर कोर्टावर खड्डे! मांडववाल्याची माणसं पहारी घेऊन ओळीनं खड्डे खणत होती. जाळीच्या जागी लाकडी व्यासपीठ येऊन पडलं होतं. दगडूमामा रोलरजवळ उभे राहून शिव्या घालत होते. त्या दिवाळी अंकात छापण्यासारख्या नाहीत, पण प्रत्येक शिवी योग्य होती.

मी सेक्रेटरींच्या बैठकीतच घुसले. "हे काय चालवलंय?"

"मंडप," ते शांतपणे म्हणाले. "मंत्रीसाहेब येतायत. त्यांना उन्हात बसवू?"

"मग मंडप आमच्या शाळेच्या मैदानावर घाला! कोर्ट कशाला फोडताय? उद्या खेळायचंय त्यावर!"

"बाई, कुंदाताई ही या क्लबाची कन्या. सत्कार क्लबातच व्हायला हवा. आणि सपाट जागा आहे कुठे दुसरी?"

"ती सपाट का आहे ते विचारा की दगडूमामांना! आणि खेळाचं काय?"

"खेळ आपण प्रतीकात्मक करू. ताई एक चेंडू टाकतील, मंत्रीसाहेब झेलतील. फोटो चांगला येईल."

वाचकहो, मी तुम्हाला विचारते. गवयाला शेवटचं गाणं म्हणायला बोलवायचं आणि तंबोऱ्याला खिळे ठोकून त्यावर हार अडकवायचे, याला काय म्हणतात? ह्या लोकांना ते कळतच नव्हतं. त्यात दुष्टपणा असता तर मी समजू शकले असते. दुष्टपणा नव्हताच. त्यांच्या दृष्टीनं बाईचा सन्मान म्हणजे मंडप, शाल, नारळ आणि माइक. बाई काय करते, हा त्यात मुद्दाच नव्हता. मी ओरडले, तर ते म्हणाले, "शिट्टीबाई, हे तुमचं मैदान नाही." मी पुण्याला ट्रंक कॉल लावायला गेले. तो लागला तेव्हा कळलं, ताई आधीच निघाल्यात, वाटेत कुणाकडे तरी मुक्काम आहे.

दुसऱ्या दिवशी बायकांची ही गर्दी! शाळेच्या मुली तर होत्याच, पण भिंगारच्या आल्या, केडगावच्या आल्या. गयाबाई राहात्याहून पाच-सहा बायका घेऊन यष्टीनं आली होती. भाकरी बांधून, डोक्यावरून पदर, नवी लुगडी. पुढे खुर्च्यांवर पुरुष. आम्हाला मागे सतरंज्या.

ताई वेळेवर आल्या, बरोबर पुण्याची ती मुलगी. साडी नेसलेल्या, उंच, सावळ्या, हातात गवसणी घातलेली रॅकेट. मंडपाच्या दारात त्या थांबल्या आणि इकडेतिकडे पाहून सेक्रेटरींना म्हणाल्या, "कोर्ट कुठे आहे?"

"आपण कोर्टावरच उभ्या आहात, ताई," सेक्रेटरी हात जोडून म्हणाले.

ताईंनी खाली पाहिलं. मग जाऊन बसल्या. यमुनेनं माझा हात दाबला. "बाई, पायात बघा." साडीखाली ताईंच्या पायात पांढरे कॅनव्हासचे बूट होते. बिचारी खेळायच्या तयारीनं आली होती.

कार्यक्रम तीनचा. मंत्रीसाहेब उन्हं कलली तेव्हा उगवले. तोवर स्वागतगीत दोनदा झालं. मग भाषणं. एकाही वक्त्यानं ताईंचा खेळ पाहिलेला नव्हता, आणि तरी एकालाही बोलायचं थांबवेना. एकानं त्यांना रणरागिणी केलं. एकानं 'फूल' मारण्यातलं त्यांचं कौशल्य वर्णन केलं. ते फूल बॅडमिंटनमध्ये असतं हो! मंत्रीसाहेब म्हणाले की आता कुंदाताईंनी संसाराचा सामना जिंकावा. टाळ्या! माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या.

मग महिला मंडळाच्या अध्यक्षा खण-नारळ घेऊन उठल्या आणि मधेच थबकल्या. शेजारणीला हळूच विचारलं, पण माइकच्या तोंडाशी: "अगं, हिचं लग्न नाही झालेलं ना? ओटी भरायची की नाही?" अख्ख्या मंडपाला ऐकू गेलं. ताई उठल्या, पदर दोन्ही हातांनी पुढे पसरला आणि म्हणाल्या, "भरा." बाईंनी कशीबशी भरली.

"आवं बाई," गयाबाई माझ्या कानाशी म्हणाली, "ही मानसं गप कवा व्हनार? दिस बुडाया लागला. पोरगी हानंल कवा?"

"नाही हाणणार, गयाबाई. यांनी जागाच ठेवली नाही."

"मंग आमी आलो कशाला?"



शेवटी ताईंना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्यांनी माइक जरा लांब सारला. मोठ्यानं बोलायची त्यांना गरज नव्हती.

"मी क्लबाची कन्या आहे असं आता पुष्कळदा ऐकलं," त्या म्हणाल्या. "माझे वडील इथे कारकून होते. मागच्या खोलीत आम्ही राहायचो. या कोर्टावर पाय ठेवायची मला मनाई होती. कुंपणाबाहेर गेलेला चेंडू आणून द्यायचा, एवढी मुभा होती. मी खेळ शिकले तो मागच्या गोदामाच्या भिंतीवर, आईच्या पोळपाटानं. ती भिंत अजून आहे ना? तिच्यात नाही ना खड्डे केलेत?"

सेक्रेटरी हसले. त्यांना वाटलं, विनोद आहे.

ताईंनी ओटीतला नारळ अलगद खुर्चीवर ठेवला, शाल ठेवली. पदर कमरेला खोचला. रॅकेटची गवसणी काढली, पिशवीतून चेंडू घेतला, आणि व्यासपीठाच्या मागच्या पायऱ्या उतरून सरळ बाहेर गेल्या. जाताना आम्हा बायकांकडे बघून एवढंच म्हणाल्या, "या."

काय सांगू! सतरंज्यांवरच्या सगळ्या बायका एकदम उठल्या. मागची कनात वर करून, वाकून, एकमेकींना ओढत गोदामाकडे धावल्या. लुगडी सावरत, पोरं काखेत घेऊन. मीही धावले. क्लबाची इमारत आणि कनात यांच्यामध्ये एक बोळ आहे, तो थेट त्या भिंतीपाशी निघतो. बोळाच्या तोंडाशी मी पोचले आणि मागून सेक्रेटरींचा आवाज माइकवरून गरजला: "सर्वांनी बसून घ्यावं! आभारप्रदर्शन बाकी आहे! राष्ट्रगीत बाकी आहे!" आणि मागोमाग ते स्वतः, बरोबर दोन सभासद, तरातरा माझ्याच दिशेनं.

मी वळले. भिंतीकडे पाठ केली आणि दोन्ही हात पसरून बोळ अडवला.

"बाई, बाजूला व्हा! मंत्रीसाहेब बसलेत तिथे. ताईंना आत न्यायचंय."

"नेऊ देणार नाही."

"आभार राहिलेत!"

"तिचे माना! ती आलीय ते उपकार! हलू नका म्हणते ना!" आणि मी शिट्टी तोंडात धरून अशी वाजवली, की मागचे दोघे सभासद जागच्या जागी थांबले.

तेवढ्यात माझ्या पाठीमागे पहिला चेंडू भिंतीवर बसला. ठप्प. मग पुन्हा ठप्प. मग एकसारखा, न चुकता. यमुना किंचाळली, "उजवी हाय! बाई, उजवी हाय!" आणि लगेच, "आगं, डाव्या बाजूनं बी मारत्यात!" गयाबाईचा आवाज सगळ्यांच्या वर: "हान! हान माझे बाय!"

वळून बघावंसं किती वाटलं, ते मी शब्दांत नाही सांगू शकत. दहा वर्षं मी तिच्या बातम्या लिहिल्या होत्या. पण मी वळले असते तर हे तिघं माझ्या बगलेतून गेले असते, तिच्या हाताला धरून 'ताई, चला चला' करत तिला परत खुर्चीवर बसवलं असतं, आणि तीही शेवटी भल्या घरची, आली असती. म्हणून मी वळले नाही. माझ्यासमोर होते फक्त सेक्रेटरी.

आणि ते काय करत होते? ते उंच होते. माझ्या खांद्यावरून त्यांना सगळं सरळ दिसत होतं. आधी ते "बाई, हा अपमान आहे" म्हणत होते. मग नुसतंच "बाई..." म्हणाले. मग तेही थांबलं. त्यांचं तोंड उघडं राहिलं आणि डोळे चेंडूबरोबर डावीकडे-उजवीकडे फिरायला लागले. मधेच त्यांनी श्वास रोखला, मधेच "वा!" असं निघून गेलं. क्लबाच्या कोर्टावर त्यांनी आयुष्यात पाय ठेवला असेल तो पत्त्यांच्या टेबलाकडे जाताना. त्यांच्या चेहऱ्यावर काय घडलं ते मी सगळं पाहिलं. पाठीमागे काय घडलं, ते नाही.

अंधार पडेतो ती खेळली. मग चेंडू दिसेना. बायकांच्या गराड्यातून ती घामानं निथळत माझ्याकडे आली. मुलींनी तिला सांगितलं असणार.

"फळा लिहिणाऱ्या बाई तुम्हीच? कसा वाटला खेळ?"

"ताई," मी म्हणाले, "आवाज ऐकला."

ती माझ्याकडे बघत राहिली, मग पलीकडे उभ्या सेक्रेटरींकडे. तिला उमगलं. "अरे देवा," म्हणाली आणि चेंडूसाठी तिनं हात पुढे केला. पण चेंडू कुठल्या कोपऱ्यात गेला होता कोण जाणे. मुली अंधारात चाचपडत होत्या. तेवढ्यात कुणीतरी मोटारीचा भोंगा वाजवला, साहेब थांबलेत म्हणून. तिनं माझे दोन्ही हात हातांत घेतले, दाबले आणि गेली. त्यानंतर ती लोकांसमोर कधी खेळली नाही. आणि आभारप्रदर्शन? झालं की! रिकाम्या सतरंज्यांसमोर, सविस्तर झालं. कोर्टावरचे खड्डे बुजवले, पण ते कोर्ट पुढे लग्नांना भाड्यानं द्यायची क्लबाला सवयच लागली. मंडपाला जागा उत्तम आहे म्हणे.

गयाबाई आणि मुली मला पुष्कळ सांगत. पण एक म्हणे चेंडू असा आला, दुसरी म्हणे तसा. त्या सगळ्या रडत होत्या, हसत होत्या, एकमेकींच्या डोक्यांवरून बघत होत्या. कुणाचं कुणाशी जुळत नसे. "आवं, काय सांगू बाई," गयाबाई म्हणायची, "निसती वीज!" मला वीज नको होती. तिनं पाय कुठे ठेवला, मनगट कसं वळवलं, ते हवं होतं.

मी निवृत्त झाले तेव्हा शाळेनं माझाही सत्कार केला. नको म्हटलं तरी केला. मंडप, शाल, नारळ, आणि प्रमुख पाहुणे कोण? सेक्रेटरीसाहेब. म्हातारे झाले होते, काठी आली होती, पण माइकसमोर उभे राहिले की तेच. माझ्याबद्दल दोन वाक्यं बोलले आणि मग सुरू झाले: "त्या संध्याकाळी मी कुंदाताईंचा शेवटचा खेळ पाहिला." मी पाहिला! त्या गावात तो प्रसंग त्यांनीच सांगायचा, असं होऊन बसलं होतं. माझं पित्त खवळलं. हा माणूस, ज्यानं कोर्ट फोडलं, जो खेळ थांबवायला धावत आला होता, तो छाती काढून सांगत होता. कशी ती भिंतीपासून एकेक पाऊल मागे सरकत गेली. कसा चेंडू पुन्हा पुन्हा एकाच दगडावर बसत होता. कशी ती खेळताना स्वतःशीच हसत होती. हसत होती, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. "वेळ झाला, आवरतो," सेक्रेटरी म्हणाले.

मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. सगळा मंडप धसकला. शिट्टीबाई आता भांडणार.

"आवरू नका," मी म्हणाले. "ती डावीकडे वळून मारायची, तेव्हा पाऊल कुठलं पुढे टाकायची, ते आधी सांगा."